पद्मिनीला हात लावण्याआधी

जुन्या सोसायटीच्या आवारात, वाड्याच्या बोळात नाहीतर गावच्या घराच्या पडवीशेजारी ताडपत्रीखाली एखादी प्रीमिअर पद्मिनी उभी असतेच. टायर जमिनीला बसलेले, ताडपत्रीवर पाचोळा. एक दिवस घरातला कोणीतरी म्हणतो, ‘गाडी चालू करू या.’ आणि लगेच दोन तट पडतात. धाकट्यांना मारुतीचं इंजिन, एसी आणि रुंद चाकं हवी असतात. थोरल्यांना गाडी शोरूममधून आली तशीच हवी असते.

हा वाद आधी मिटवायचा म्हटलं तर गाडी आणखी दहा वर्षं ताडपत्रीखालीच राहते. त्यापेक्षा प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा: हे उद्या पूर्ववत करता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तिथे खुशाल हौस भागवा. ‘नाही’ असेल तिथे हात आखडता घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या आधाराने चढू. उदाहरणाला पद्मिनी घेतली आहे, कारण ती आपल्या कुर्ल्याची. इतर जुन्या गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पहिली पायरी ओळखीची. आपण सरसकट ‘फियाट’ म्हणतो, पण त्या एका नावाखाली बऱ्याच गाड्या येतात. वालचंद हिराचंद यांची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ सालची. इटलीच्या फियाटच्या परवान्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात ११०० या मॉडेलच्या गाड्या बनू लागल्या. त्यातल्या सुरुवातीच्या गोलमटोल गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असं प्रेमाचं नाव दिलं. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. आज आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पद्मिनीचा चौकोनी चेहरा हिचाच. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटचं नाव गेलं, थोडा काळ ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ हे नाव चाललं, आणि १९७४ पासून चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ हे नाव पडलं. कुर्ल्याच्या त्या कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे.

ही वंशावळ सांगण्याचं कारण व्यवहारी आहे. बाह्य आकार तोच राहिला, पण जाळी, बंपर, डॅशबोर्ड, सीट, दिवे हे वर्षागणिक बदलत गेले. आपली गाडी १९८८ ची असेल आणि आपण तिला १९६५ च्या डिलाइटची चकचकीत जाळी आणि बंपर चढवले, तर ती ‘मूळ’ झाली असं होत नाही. तेही कस्टमायझेशनच, फक्त जुन्या भागांनी केलेलं. हौस म्हणून करायला हरकत नाही, पण तसं मान्य करून करावं. ‘ओरिजिनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या अशा दोन-तीन गाड्यांच्या मिळून बनलेल्या असतात.

दुसरी पायरी कागदांची. ही लोक शेवटी चढतात आणि तिथेच तोंडावर पडतात. पाना हातात घेण्याआधी आरसी बुक उघडा. त्यावरचा इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, इंधन आणि नोंदणीची तारीख कागदावर उतरवून घ्या. मग बोनेट उघडून, चिंध्या आणि रॉकेलने पुसून, हेच नंबर गाडीवर शोधा. चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली की ठसा उमटतो. आरटीओत याला पेन्सिल प्रिंट म्हणतात. ती आत्ताच काढून ठेवा. रंगाच्या चार थरांखाली नंबर बुजला असेल, तर ते आज कळलेलं बरं.

इथे नेहमी सापडणारी भानगड म्हणजे इंजिन नंबर न जुळणं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इंजिन बसलं की गॅरेजवाला दुसऱ्या गाडीचं तयार इंजिन टाकून द्यायचा, आणि आरसीवर नोंद करायला कोणी जायचं नाही. आमच्या घरच्या १९८२ च्या गाडीचं असंच निघालं. इंजिन पद्मिनीचंच होतं, पण आमच्या पद्मिनीचं नव्हतं. आरटीओच्या खेपा, अर्ज, तपासणी यात एक पावसाळा गेला. इंजिन खोलून झाल्यावर हे कळलं असतं, तर दोन पावसाळे गेले असते.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे त्याला ‘पासिंग’ म्हणतात. सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. मूळ मालक हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतरण करून घ्या. शुल्कं अधूनमधून वाढतात, तेव्हा शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, खिडकीवर विचारा.

याच पायरीवर कायद्याची एक ओळ मनात पक्की करून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून हा मुद्दा स्पष्ट केला. इंजिन बदलणं, इंधन बदलणं, टप कापणं या सगळ्याचा संबंध इथे येतो. रंग बदलायचा तर बदलता येतो, पण आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. सीटचं कापड, रेडिओ, पायाखालची चटई यांच्याशी कायद्याला काही देणंघेणं नाही.

तिसरी पायरी फुकटची आहे आणि तरीही सगळे ती गाळतात. काहीही खोलण्याआधी फोटो काढा. बाहेरून चार बाजू, मग बोनेटखाली प्रत्येक वायर, प्रत्येक नळी, दारांच्या आतल्या बाजू, डिक्कीचा तळ. नट-बोल्ट काढले की त्या त्या जागेचं नाव लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. गॅरेजमध्ये गाडी खोलून टाकलेली, मिस्त्री गावाला गेलेला, आणि पत्र्याच्या डब्यात सगळे बोल्ट एकत्र, हे दृश्य ज्याने पाहिलं आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. जुन्या गाड्या रस्त्यावर जितक्या मेल्या नसतील, तितक्या अशा डब्यांत मेल्या आहेत.

आता गंज शोधू. इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण पैसा सगळ्यात जास्त इथे जातो.

पद्मिनी मोनोकॉक गाडी आहे, म्हणजे तिला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याची कायाच तिचा सांगाडा. ॲम्बेसिडर किंवा मारुती ८०० सुद्धा याच जातीच्या. जीप, किंवा पूर्वीच्या मोठ्या अमेरिकन गाड्या वेगळ्या: खाली लोखंडी चौकट आणि वर बसवलेली बॉडी. तिथे बॉडी कुजली तरी चौकट गाडीला तोलून धरते. पद्मिनीत तळाचा पत्रा कुजला म्हणजे घराचा पायाच खचला.

फ्रिजवर लावतात तसलं लोहचुंबक रुमालात गुंडाळून घ्या आणि पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरली आहे. लांबी म्हणजे पेंटर खड्डे बुजवायला वापरतात ते पुटिंग. पातळ थर असेल तर चिंता नाही, तो प्रत्येक रंगकामात असतोच. पण दाराच्या खालच्या कडेला वीतभर पट्ट्यात चुंबक घसरत असेल, तर आत पत्रा उरलेला नाही.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दारांच्या खाली पुढून मागे जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. रबरी चटईखालचा तळ. दारांचे खालचे ओठ. डिक्कीत स्टेपनी बसते तो खळगा. बॅटरीचा ट्रे आणि त्याच्या खालचा भाग. हेडलाइटच्या मागचा मडगार्ड, जिथे चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षं साचतो. कोकण किनाऱ्यावर, मुंबईत, गोव्यात राहिलेली गाडी असेल तर खारा वारा धरून या यादीला दुप्पट वेळ द्या. पुण्या-नाशकाकडची गाडी सहसा कमी कुजते, मात्र उन्हाने तिची रबरं आणि डॅशबोर्ड तडकतात.

पत्राकामात होणारी सगळ्यात महागडी चूक सांगतो. दारांखालची ती पेटी कुजली म्हणून डेंटर कापून काढतो. आधी आतून आडवे-उभे आधार न देता कापली, तर गाडी मधोमध केसभर झुकते. आपल्याला काही दिसत नाही. नवा पत्रा वेल्ड होतो, रंग होतो, आणि शेवटी दारं बसवताना कळतं की मागचं दार लागतच नाही. मग दाराच्या बिजागऱ्या ठोकतात, दाराची कड घासतात. तेव्हा काम देताना आपण स्वतः सांगा: दारं जागेवर असताना आधार वेल्ड करा, एका वेळी एकच बाजू कापा, आणि दारांच्या फटी आधी आणि नंतर मोजा. चांगला डेंटर या मागणीवर रागावत नाही.

दुसरी चूक त्यामानाने छोटी आहे. दारांच्या आणि पेटीच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. रंगकामात ती बुजतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी साठतं. रंग सुकल्यावर प्रत्येक भोकात तार घालून पाहा.

पत्रा कळला की गाडीची दिशा ठरवता येते. ढोबळमानाने वाटा तीन आहेत. पहिली जतनाची: आहे ते टिकवायचं, उडालेला रंग आणि फाटलेलं रेक्झिनही शक्य तितकं तसंच ठेवायचं, फक्त बिघाड थांबवायचा. दुसरी पुनर्रचनेची, म्हणजे ज्याला आपण रिस्टोरेशन म्हणतो: गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशी पुन्हा करायची. तिसरी वाट रेस्टोमॉडची, म्हणजे वरून जुनी आणि आतून नवी. नवं इंजिन, नवे ब्रेक, एसी, पण चेहरा तोच.

यातली पहिली वाट आपल्याकडे कोणी धरत नाही, याचं मला वाईट वाटतं. गाडी मिळाली की पहिलं काम जुना रंग खरवडून काढायचं. मूळ रंगाचा, कारखान्यातल्या शिलाईचा नमुना एकदा गेला की दुसऱ्या गाडीचं रिस्टोरेशन कशावरून करणार? ज्या गाडीचा पत्रा धड आहे आणि सीट मूळ आहेत, तिला नुसतं साफ करून चालू करणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि जाणकारांच्या लेखी सगळ्यात मोलाचंही.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांचा ‘फिव्हा’ नावाचा महासंघ १९६६ पासून आहे. त्याने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. ट्युरिन म्हणजे फियाटचंच गाव, फियाट या नावातल्या शेवटच्या अक्षरात ते आहे. जुन्या इमारतींच्या जतनाची तत्त्वं गाड्यांना कशी लावायची, ते ही सनद सांगते. त्यातला एक मुद्दा आपल्याला फार उपयोगी आहे: गाडी वापरात असताना त्या त्या काळी झालेले बदल हे तिच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत, ते सरसकट पुसू नयेत.

म्हणजे काय, ते टॅक्सीवरून पाहा. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी कुर्ल्यातून निघाली तेव्हा तिच्या टपावर सामानाचं कॅरिअर नव्हतं, मीटर नव्हता, छताला आतून फुलाफुलांचं रेक्झिन नव्हतं. ते सगळं टॅक्सीवाल्याने लावलं. अशी गाडी आपण घेतली आणि ‘मूळ रूप’ म्हणून कॅरिअर उतरवून पांढरा रंग मारला, तर कारखान्याशी इमान राखलं, पण गाडीचं सारं आयुष्य पुसून टाकलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची टॅक्सी उरली नाही. माझं मत विचाराल तर टॅक्सी हाती आली असेल तर ती टॅक्सीच दिसू द्या. फक्त घेण्याआधी ती खाजगी वाहन म्हणून कागदोपत्री रूपांतरित झाली आहे का, हे तपासा. न झालेली गाडी म्हणजे रस्त्यावर न येणारी गाडी.

इंजिनाकडे वळू. बरीच वर्षं उभी गाडी मिळाली की उत्साहाच्या भरात नवी बॅटरी जोडून स्टार्टर मारतात. असं करू नका. आत पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात, त्या तुटतात. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग इंजिन हाताने फिरवून पाहा. मोकळं फिरलं तरच बॅटरी.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधंसुधं. गावातल्या कोणत्याही मिस्त्रीला ते उलगडतं. ‘ओव्हरऑइल’ करू, असं तो म्हणाला तर घाबरू नका. त्याला ओव्हरहॉल म्हणायचं असतं, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून झिजलेले भाग बदलणं. सिलिंडर बोअर करून किंचित मोठे पिस्टन घातले तरी इंजिन तेच राहतं, नंबरही तोच.

खरी नवी अडचण पेट्रोलची आहे. पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वायसरं ही त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, झिरपतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल झिरपणं म्हणजे आगीला आवतण. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. उपाय महाग नाही: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पंपाचा संच बसवा, आणि ट्यूनिंग करताना मिश्रणात पेट्रोल थोडं वाढवून घ्या. हा बदल बाहेरून दिसत नाही आणि मूळपणाला बाध आणत नाही. जतनाचा कितीही कट्टर आग्रह असला तरी एवढं करावंच लागेल.

उन्हाळ्यात सिग्नलला गाडी बंद पडून चालूच होत नाही, ही दुसरी तक्रार. गरमीने नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवणं हा कायमचा इलाज आहे, आणि चार स्क्रू काढले की गाडी पूर्ववत. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळाला, तर मात्र हसून मान हलवा आणि आधी रेडिएटर साफ करून घ्या. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी योग्य तेवढं तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. बहुतेक वेळा दोष तिचा नसतो, चोंदलेल्या रेडिएटरचा असतो.

गियरबद्दलही असंच. स्टिअरिंगखालचा हँड गियर अडकतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात नाही, म्हणून लोक तो काढून जमिनीवरचा गियर करून घेतात. त्यासाठी गाडीचा तळ कापावा लागतो. बहुतेक वेळा दोष असतो तो गियरचे दांडे जिथे जोडलेले असतात तिथल्या झिजलेल्या बुशचा. बुश बदलून दांडे नीट जुळवले की दोन बोटांनी गियर पडतो. पुढची सलग सीट आणि हँड गियर ही या गाडीची गंमत आहे. तळाला भोक पाडण्याआधी एकदा तरी बुश बदलून पाहा.

इंजिन बदलायचंच, यावर घरातली धाकटी मंडळी अडून बसली तर काय होतं तेही पाहून घेऊ. मारुतीचं किंवा प्रीमिअरच्याच ११८ एनईमधलं निसानच्या घराण्याचं ११७१ सीसी इंजिन लोक बसवतात. गाडी पळते, यात शंका नाही. पण इंजिनाचे आधार कापून नवे वेल्ड करावे लागतात, मधला बोगदा ठोकून रुंद करावा लागतो, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कमी-जास्त करावा लागतो. जास्त ताकद आली की जुने ब्रेक अपुरे पडतात, मग तेही बदलावे लागतात. आणि आरटीओची मंजुरी नसेल तर गाडी कलम ५२ च्या कचाट्यात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. विजेवर चालणारं किट बसवायचं असेल तर ते पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि आरसीवर नोंद हवी. यूट्यूब पाहून जोडलेली मोटर चालणार नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी मूळपणाचा हट्ट धरणार नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. नीट जुळवलेले ड्रम गाडीच्या मूळ वेगाला पुरेसे असतात, पण ‘नीट जुळवलेले’ हे महत्त्वाचं. व्हील सिलिंडरची रबरं, लोखंडी नळ्या आणि ब्रेक ऑइल हे तिन्ही डोळे झाकून बदला. पुढे डिस्क ब्रेक लावायचे असतील तर मूळ ड्रम, हब आणि प्लेटा जपून ठेवता येतील असं काम करून घ्या, आणि ते जाणकाराकडूनच. पुढे जोरदार आणि मागे दुबळे ब्रेक झाले की ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते. टायर रेडियल घातले तर चारही रेडियल घाला. एकाच ॲक्सलवर एक जुन्या पद्धतीचा आणि एक रेडियल, ही जोडी कधीच नको.

विजेचं काम थोडक्यात सांगतो, कारण यात सगळंच उलटवता येतं. डायनॅमो आणि कट-आउट काढून अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, दिव्यांना रिले, हे बदल करावेत. नुसते जादा वॅटचे हॅलोजन लावून रिले न लावणं, ही इथली चूक. सगळी वीज चाळीस वर्षांच्या स्विचमधून जाते आणि डॅशबोर्डमधून धूर येतो.

रंगाबद्दलही दोनच गोष्टी. या गाड्यांना जुन्या काळी ड्युको रंग असायचा. आता पीयू रंग जास्त टिकतो, पण त्याची चमक काचेसारखी असते आणि जुन्या गाडीवर ती कृत्रिम वाटते. पेंटरला थोडी कमी चमक मागा. मूळ छटा हवी असेल तर डॅशबोर्डच्या मागे किंवा डिक्कीच्या पाठीमागे न बदललेला तुकडा सापडतो, त्यावरून जुळवा.

आता ज्यासाठी एवढी जपणूक केली त्या व्हिंटेज नोंदणीकडे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. जाणकारांच्या भाषेत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी, पण या नियमांपुरतं पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली गाडी व्हिंटेज ठरते. अट अशी की ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, ही यातली गोड सोय.

पण एक अट नीट वाचा. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. रविवारी सकाळी दादरला भाजी आणायला पद्मिनी काढायची असेल, तर साधी खाजगी नोंदणीच चालू ठेवा.

वर्षांचा हिशेब करून पाहा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला पोचली. १९८५ ची २०३५ मध्ये पोचेल. म्हणजे आज आपल्या दारात असलेल्या बहुतेक पद्मिनींचा दर्जा अजून ठरायचा आहे. तेव्हा तपासायला येणारा माणूस इंजिन नंबर पाहील, तळ पाहील, हँड गियर जागेवर आहे का ते पाहील. रेडिओ कोणता लावला होता, हे तो विचारणार नाही.

तेव्हा शेवटची विनंती एका पेटीची. गाडीतून जे काही काढाल, कार्बोरेटर, पॉइंट, डायनॅमो, ड्रम, जुनी जाळी, फाटलेल्या सीटचं कापडसुद्धा, ते भंगारात देऊ नका. तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी लावून, गाडीचा नंबर लिहिलेल्या एका पेटीत कोरड्या जागी ठेवा. कधी गाडी विकायची वेळ आली, तर किल्लीबरोबर ती पेटीही नव्या मालकाच्या हवाली करा.